परत गेलेल्यांचं पुढे काय झालं

१२ जानेवारी, रविवार

जियादनं ग्राफ बघितला, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, "ब्यूटिफुल." आमचे साहेब, एवढं कौतुक कधी करत नाहीत.

दोन रेघा. पहिली — दरवर्षी आमच्या विमाधारकांत किती जणांना नव्यानं कॅन्सर निघाला. ती चढते आहे. दुसरी — निघाल्यानंतर पाच वर्षांनी किती जण जिवंत. तीही चढते आहे, बारा वर्षांत चांगलीच. पहिलीचं त्याला समजावून सांगावं लागलं. रेघ चढली म्हणजे रोग वाढला असं लगेच म्हणता येत नाही. माणसं इथं आखातात जास्त वर्षं राहू लागली, वयं वाढली. शिवाय पॉलिसीत तपासण्या आल्या, तसं आधी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. दुसरीचं काही सांगावं लागलं नाही. लवकर सापडतं, उपचार चांगले, माणसं जगतात. एप्रिलमधल्या कॉन्फरन्सला हाच ग्राफ आधी लावायचा म्हणाला.

माझा नवरा श्याम त्या दुसऱ्या रेघेत आहे. मोठं आतडं, तीन वर्षांपूर्वी, कंपनीच्या वार्षिक तपासणीत निघालं. ऑपरेशन, केमो, आता दर सहा महिन्यांनी स्कॅन — सगळं विम्यातून. चढत्या रेघेतला एक ठिपका रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवतो.

ब्यूटिफुल म्हणायला हरकत नाही. तरी काहीतरी खटकतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

काय खटकत होतं ते सापडलं. तिळाच्या वड्या थापताना सापडलं, ऑफिसात नाही.

ग्राफमध्ये माणूस वारला की रेघ खाली येते. पण माणूस इथली नोकरी संपून मायदेशी परत गेला, तर त्याची पॉलिसी संपते आणि तो आमच्या डेटातून निघून जातो. रेघ खाली येत नाही. सॉफ्टवेअर धरून चालतं, की तो जिथं असेल तिथं इथं राहिलेल्यांसारखाच जगत असेल.

आणि परत कोण जातं? इंजिनिअर, मॅनेजर टिकतात. कंपनी थांबते, सांभाळून घेते. क्रेनवाला, वेल्डर, ड्रायव्हर — कॅन्सर निघाला की थोड्याच दिवसांत व्हिसा रद्द. म्हणजे बरे होणारे मोजले जातात, आणि बाकीचे मोजण्याआधी विमानात बसतात.

श्यामला सांगितलं. तो वडी चावत म्हणाला, "मग तुझी रेघ खोटं बोलते."

"खोटं नाही. अर्धं."

ईरा अभ्यासाच्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "सो बाबा इज अ डेटा पॉइंट?"

श्याम म्हणाला, "बरा पॉइंट आहे."

२२ जानेवारी, बुधवार

जियादशी बोलले. त्याचा चेहरा पडला, पण ऐकून घेतलं. लेबनॉनचा माणूस; त्याचे स्वतःचे काका इथून परत गेले होते म्हणाला, पुढचं काही सांगितलं नाही. शेवटी एवढंच — "ओके. परत गेलेल्यांना फोन करा. पण परवानगी घेऊन, आणि एप्रिलच्या आत. यल्ला, लागा कामाला."

फोन उजमा करणार. ती केस डेस्कवर असते, मूळची कराचीची नर्स. पेशंटची नावं, नंबर तिच्याकडे. माझ्याकडे नुसते आकडे. पण मराठी लोकांचे फोन तिनं माझ्याकडे ढकललेत. "तुमच्या गावाकडचे लोक माझी उर्दू ऐकली की बँकवाली समजून फोन ठेवतात."

३ फेब्रुवारी, सोमवार

वाईट आठवडा. पाच फोन लावले तर एखादा लागतो. लागला तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. एक मुलगा म्हणाला, "पप्पा? तीन वर्षं झाली." एका बाईनं आधी विचारलं, क्लेम मिळणार आहे का. नाही म्हटल्यावरसुद्धा फोन ठेवला नाही, सगळं सांगितलं — गोंदियाहून नागपूर, नागपूरहून परत गोंदिया, मग घरी.

मला वाटत होतं मी बरोबर ठरले की समाधान वाटेल.

त्यातच श्यामची बातमी. त्याच्या प्रोजेक्टचं कंत्राट एप्रिलअखेर संपतंय, वाढणार नाही. दुसऱ्या एका कंत्राटावर जागा आहे. खालच्या पदाची, रास लफानच्या गॅस प्रकल्पावर, रोज पहाटे बसनं जायचं. पण विमा चालू राहील. हो म्हणायचं की नाही हे मार्चअखेर सांगायचंय.

माझी नोकरी कंत्राटी. व्हिसा श्यामच्या नावावर, विमाही त्याच्याच कंपनीचा. उजमा मागे एकदा हसली होती — विमा कंपनीतल्या बाईला स्वतःचा विमा नाही.

श्यामला रास लफानला जायचं नाही. त्याला नाशिकला परत जायचंय. भावाचं वर्कशॉप आहे अंबडला, तिथं बसायचंय. "दमलो मी," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "पाच वर्षं पूर्ण होऊ देत." तिकडे नवा विमा घेतला तरी आधीच्या आजाराला लगेच लागू होत नाही. शिवाय इथले डॉक्टर, त्यांना त्याचं सगळं माहीत आहे.

"पाच हा तुझ्या ग्राफचा आकडा," तो म्हणाला. "माझ्या आतड्याला तो माहीत नाही."



११ फेब्रुवारी, मंगळवार

इथल्या क्रीडा दिनाची सुट्टी. श्याम आणि ईरा अल गराफाच्या पार्कात चालून आले. मी घरून फोन लावत बसले.

आज एक चांगली बातमी. विट्याजवळचं गाव. रंगनाथ, क्रेन ऑपरेटर. तोंडाचा कॅन्सर, इथं २०१९ मध्ये ऑपरेशन, पुढच्या वर्षी परत गेले. आमच्या डेटात तिथंच संपले.

फोन त्यांच्या बायकोनं उचलला. मुक्ताबाई. मी कोण, कुठून, कशासाठी, सगळं सांगितलं.  

मी विचारलं, "कसे आहेत रंगनाथ?"

"बरं हायेत की," त्या म्हणाल्या. "रानात गेल्यात मालक."

मी खरंच पेन खाली ठेवलं. किती दिवसांनी कुणी वर्तमानकाळात बोललं.

मग काय काय सांगितलं त्यांनी. शाळूला पाखरं लागलीत, त्यांना हाकलायला सकाळीच जातात. दुपारी जेवायला येतात. कडक भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून द्यावी लागते. मी म्हटलं त्यांच्याशीच दोन मिनिटं बोलायचंय, प्रश्न त्यांनाच विचारायचे असतात. "तोंडाचं आपरेशन झालंय न्हवं ताई. फोनवर बोललेलं समजत न्हाई. मीच सांगते."

उपचार पुढे कुठे घेतले? "मिरजंला जातो की." आता दुखतं का? "थंडीत जरा."

जेवताना श्यामला सांगितलं. त्यानं घास हातात तसाच धरून ऐकलं. "पाच वर्षं झाली की मग त्याला."

"हो. पाच झाली."

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुक्ताबाईंना परत फोन केला. कारण होतं — मिरजेला कोणते उपचार झाले ते नीट विचारायचं राहिलं होतं. पण खरं तर मला बोलायचंच होतं. सकाळपासून चार फोन झाले होते, चारही तसेच.

"कसे आहेत?"

"हायेत. आत्ताच जेवून पडल्यात."

मिरजेचं त्यांना फारसं सांगता आलं नाही. कागद दिराकडं आहेत म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. मग त्यांनीच विचारलं, "तुमचं मालक काय करत्यात?"

मी सांगितलं. आजाराचंही सांगितलं. फोनवर, अनोळखी बाईला. इथं श्यामचं आजारपण आम्ही मोजक्या लोकांपलीकडे कुणाला कळू दिलेलं नाही. ऑफिसात फक्त उजमाला माहीत आहे. मुक्ताबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जेवत्यात का नीट?"

"जेवतात."

"मग झालं तर."

४ मार्च, मंगळवार

रमजान सुरू. ऑफिस लवकर सुटतं. उजमा रोजा धरून फोन करते, दुपारनंतर आवाज बसतो तिचा.

आकडे जमत आलेत. जितके लोक सापडले त्यांतले निम्म्याहून जास्त परत गेल्यावर दोन वर्षांच्या आत वारलेत. ते धरून रेघ काढली तर अजूनही चढते, पण हळू. आणि कामगारांची वेगळी काढली तर चढतच नाही, बारा वर्षं आडवी आहे. उपचार सुधारले, तपासण्या आल्या, औषधं आली — त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. म्हणजे पोचलं, पण अर्ध्यात काढून घेतलं.

उजमा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मैं तो इनको जानती थी." काहींना तिनंच ॲडमिट करवलं होतं. निघताना तिला सांगून गेले होते — सिस्टर, घर जा रहे हैं, ठीक हो जाएँगे.

मी म्हटलं, काही झालेत की. रंगनाथ आहेत.

"हाँ," ती म्हणाली. "एक रंगनाथ तो है."

९ मार्च, रविवार

श्यामचं स्कॅन. स्वच्छ.

१६ मार्च, रविवार

गाडीत बोलणं झालं. मुऐदरहून येत होतो, घरातलं जुनं फर्निचर कोण घेईल म्हणून चौकशी करायला गेलो होतो. श्यामनं आधीच चौकशी सुरू केली होती, मला न सांगता. चिडायला हवं होतं. चिडले नाही.

तो म्हणाला, "उल्का, एक विचारू? तू मला इथं ठेवायचं म्हणतेस ते माझ्यासाठी, की तुझी भीती म्हणून?"

मी म्हटलं, "वेगळं असतं का ते?"

सिग्नल लागला होता.  "रास लफानला मी जिवंत राहीन," तो म्हणाला. "पहाटे चारला उठून, बसमध्ये झोपून, संध्याकाळी येऊन पडून. पण तुझा तो रंगनाथ काय करतो? पाखरं हाकलतो. दुपारी घरी येऊन जेवतो. मला तसं पाहिजे. त्याला मिरज पुरलं, तर मला नाशिक का पुरणार नाही? नाशकात तर डॉक्टर हाकेवर आहेत."

 खरं म्हणजे हेच मीही गेला महिनाभर मनात म्हणत होते, फक्त त्याच्यासमोर बोलत नव्हते. एका माणसावरून काही ठरवायचं नसतं, हे मी वीस वर्षं लोकांना शिकवत आले. पण दुसरा कुठलाही आकडा मला धीर देत नाही. हा देतो.

मी म्हटलं, "ईराची परीक्षा मंगळवारी संपतेय. मग कळवून टाक."

"काय कळवू?"

"रास लफानला येत नाही म्हणून."

सिग्नल सुटला तरी गाडी न हलवता त्यानं माझा हात धरला. मागचा हॉर्न वाजवत होता.

२४ मार्च, सोमवार

श्यामनं नाही म्हणून कळवलं. त्या जागेवर दुसरा माणूस घेतलाही. खलास.

ईरा दोन दिवस रुसली होती. आज तिनं नाशिकच्या कॉलेजांची नावं शोधून ठेवली. "इज द वाय-फाय गुड देअर?" काकाला फोन करून विचारत होती. काकानं मराठीत उत्तर दिलं, तिनं इंग्रजीत पुढं विचारलं, दोघांचं छान चाललं होतं.

३० मार्च, रविवार

आज ईद, आणि आजच पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली. शेजारच्यांच्या मुलांना श्रीखंड दिलं, त्यांनी खजूर दिले. श्याम उन्हात उभा राहून गुढीकडे बघत होता. वजन दोन किलोनं वाढलंय त्याचं.

७ एप्रिल, सोमवार

जियादला पूर्ण रिपोर्ट दाखवला. दोन्ही रेघा शेजारी शेजारी — जुनी आणि परत गेलेल्यांना मोजून काढलेली. मला वाटलं होतं जुनीच ठेवा म्हणेल. तो उठून खिडकीशी गेला. खाली ट्राम जात होती.

"हे दाखवायचं," तो म्हणाला. "आणि शिफारस पण. नोकरी संपली तरी चालू उपचार पूर्ण होईपर्यंत विमा तोडायचा नाही."

"मान्य होईल?"

"इन्शाल्ला." मग जरा थांबून, "माहीत नाही. पण नुसते मेलेले दाखवले तर लोक खाली बघतात. जगलेला एक माणूस पाहिजे. तो क्रेनवाला — त्याचा छोटा व्हिडिओ मिळेल का? शेतातला. त्यानं काही बोलायची गरज नाही, नुसता दिसू दे. उपचार मिळत राहिले तर काय होतं ते दिसेल."

मला ते पटलं. चांगली कल्पना आहे.

मुक्ताबाईंना लगेच फोन लावला. आज त्यांच्या मुलीनं उचलला, राणीनं. मी म्हटलं, रंगनाथ आहेत का, त्यांच्याशी थोडं काम होतं.  ती एकदम म्हणाली, "आईला देते."

मुक्ताबाईंना सगळं समजावून सांगितलं. मुलीच्या फोनवर काढलेला एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ चालेल, नाव येणार नाही, नको असेल तर सक्ती नाही. त्यांनी ऐकून घेतलं. नेहमीसारखं बोलल्या नाहीत.

"इचारते त्येनला," म्हणाल्या.

१० एप्रिल, गुरुवार

मुक्ताबाईंचा फोन नाही. मीही लावला नाही, मागे लागल्यासारखं होईल.

पॅकिंग सुरू. वीस वर्षांचं सामान. श्याम प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारतो, न्यायची की नाही, आणि उत्तराची वाट न बघता खोक्यात टाकतो. शीळ घालतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत घालायचा तशी.

उजमा येऊन गेली. बिर्याणी आणली होती. श्यामला म्हणाली, "भाईसाहब, वहाँ जाकर ग़ायब मत होना. मैं फ़ोन करूँगी."

श्याम म्हणाला, "कर. मीच उचलेन."

१३ एप्रिल, रविवार

मुक्ताबाईंचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून केला.

"व्हिडिओचं जमायचं न्हाई, ताई. मालक ऱ्हायलं न्हाईत. हिकडं आले, आन् चार म्हैन्यात गेले. मिरजंला दोनदाच नेता आलं."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"लबाड बोलले मी. तुमी पैल्या दिशी इचारलं न्हवं, कसे आहेत म्हणून. इतक्या वर्सांत तसं कुणी इचारलंच न्हवतं. मग त्वांडातनं निघून गेलं, बरं हायेत. मग रोज वाटायचं, ताईचा फोन यील, आन् मालक रानात असतील."

बाहेर श्याम खोक्यांना टेप लावत होता. मी खोलीचं दार लोटून घेतलं.

म्हटलं, "मुक्ताबाई, सांगा मला. कसे होते ते?"